बंद पडलेल्या यंत्राची लिपी

३१ जानेवारी २००१ रोजी सेगा या जपानी कंपनीने ‘ड्रीमकास्ट’ या आपल्या खेळयंत्राचे उत्पादन मार्चअखेर थांबवण्याचे जाहीर केले. तबकडीवरून व्हिडिओ गेम चालवणारे हे यंत्र जपानात २७ नोव्हेंबर १९९८ रोजी विक्रीस आले होते. म्हणजे त्याचे अधिकृत आयुष्य जेमतेम सव्वादोन वर्षांचे. सुमारे ९१ लाख यंत्रे खपली, पण सोनीच्या प्लेस्टेशन-२ पुढे तेवढ्याने निभाव लागला नाही. बाजाराच्या दृष्टीने प्रकरण तेथेच मिटले. आम्हांला कुतूहल आहे ते त्यानंतरच्या दोन दशकांहून अधिक काळाचे. कारण या यंत्रासाठी नवे खेळ लिहिणे अद्याप थांबलेले नाही.

याचे मूळ एका उघड्या राहिलेल्या दारात आहे. नक्कल होऊ नये म्हणून सेगाने साध्या सीडीऐवजी सुमारे एक जीबी क्षमतेची ‘जीडी-रॉम’ ही तबकडी वापरली. घरच्या संगणकावर ती लिहिता येत नसे. मात्र गाण्यांबरोबर चित्रे दाखवणाऱ्या ‘एमआयएल-सीडी’ नावाच्या संगीत-तबकड्याही यंत्रावर चालाव्यात, अशी सोय सेगाने ठेवली होती. २००० साली काही जाणकारांनी हे दार हेरले आणि घरी लिहिलेली साधी सीडी यंत्र निमूटपणे वाचू लागले. आत प्रथम शिरले ते चोर. ७०० एमबीच्या सीडीत मावावेत म्हणून मूळ खेळांतील संगीत नि चित्रफिती छाटून त्यांच्या नकला सर्वत्र पसरल्या. सेगाने पुढच्या काही यंत्रांत ते दार बुजवले; तोवर उशीर झाला होता.

त्याच दाराने दुसरी मंडळीही आत आली. त्यांना फुकट खेळायचे नव्हते, लिहायचे होते. सेगाची अधिकृत साधने हौशी माणसाला मिळण्याजोगी नव्हती. म्हणून त्यांनी यंत्राचा एकेक भाग तपासला, टिपणे केली आणि ‘कॅलिस्टी-ओएस’ हा मुक्त आज्ञासंच उभा केला. कॅलिस्टी म्हणजे ‘सर्वांत सुंदर असेल तिला’. ग्रीक पुराणकथेत तीन देवतांत भांडण लावणाऱ्या सुवर्णफळावर हाच शब्द कोरलेला होता. चोर आणि लेखक एकाच दारातून आले, तेव्हा हे नाव आम्हांला फारच समर्पक वाटते. २०१३ साली जर्मनीतून आलेला ‘स्टुर्मविंड’ आणि २०१५ साली ड्रीमकास्टवर अवतरलेला ‘पिअर सोलर’ हे खेळ सेगाच्या परवान्याविना, पण कोणाचेही काही न चोरता निघाले. अशा निर्मितीला ‘होमब्रू’ म्हणतात. मूळ अर्थ, घरी बनवलेली बीअर.

आमच्याकडचे यंत्र भाच्याने तोक्योहून आणलेले. ते १०० व्होल्टवर चालते, म्हणून ट्रान्सफॉर्मर जोडावा लागतो. आतली बॅटरी संपली असल्याने वीज तोडली की ते काळ विसरते आणि पुन्हा लावताच स्वतःच्या जन्माची, २७ नोव्हेंबर १९९८ ही तारीख पुढे करते. त्याच्या पोटात रोमन व जपानी अक्षरे आहेत, देवनागरी नाही. तेव्हा मामा-भाच्यांनी आलेखाच्या कागदावर २४ गुणिले २४ चौकोनांत एक ‘अ’ आखला, चौकोनाचौकोनाने तो आज्ञावलीत उतरवला, सीडी लिहिली. पडद्यावर तो ‘अ’ उमटला तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, आता याला मराठी येतं.” खरे तर एकच अक्षर येत होते.

त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाकडे निराळ्या रीतीने पाहतो. खेळ हा ग्रंथ आहे. त्याला कर्ता आहे, मालक आहे. यंत्र मात्र लिपीसारखे आहे. ग्रंथाची परवानगीवाचून नक्कल करणे आणि कोणाची लिपी शिकून तीत आपले लिहिणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. अर्थात बाजारात न मिळणारी पुस्तके झेरॉक्सवर वाचून शिकलेल्या आपणा साहित्याच्या लोकांना पहिल्या गोष्टीबद्दलही फार ताठ मानेने बोलता येत नाही. २०२४ च्या अखेरीस काही हौशींनी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ हा २००१ चा खेळ ड्रीमकास्टवर चालवून दाखवला, तेव्हा ही सीमारेषा पुन्हा पुसट झाली. मात्र खेळाची मूळ सामग्री ज्याने त्याने आपल्या प्रतीतून आणावी, ही अट तेथे होती.

मोडी आपण आजही शिकतो, पण बहुधा दप्तरे वाचण्यापुरती. तीत नवे काही लिहावे असे क्वचितच कोणाला वाटते. ड्रीमकास्टच्या मंडळींनी जुने जपण्यावर समाधान मानले नाही. लिपी जिवंत आहे असे नेमके कधी म्हणावे: तीतले जुने वाचता येते तेव्हा, की तीत आज कोणी लिहिते तेव्हा? आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. वाचकांचे मत ऐकायला आवडेल.