झुकझुक वाढदिवस: काही टिपणं

भाचा चार वर्षांचा झाला. घर ठाण्यात, खिडकीतून रूळ दिसतात, त्यामुळे थीम निवडायची वेळच आली नाही. इव्हेंटवाल्याकडे जंगल होतं, डायनासोर होते, अंतराळ होतं. रेल्वेही होती, पण डोळे मिचकावणारं विलायती इंजिन. "ही लोकल नाहीये," म्हणून साहेबांनी नापास केलं.

*

देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच. 14 डबे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ताईने मुलांचे तीन गट पाडून हीच नावं दिली. इतिहास कुणी ऐकला नाही, पण 'सुलतान'मध्ये जाण्यासाठी मारामारी झाली.

*

डबे म्हणजे वाण्याकडची रिकामी खोकी. वरखाली कापायची, सुतळीचे पट्टे लावून खांद्यावर अडकवायची, कागदी प्लेटची चाकं चिकटवायची. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, पण थर्माकोलची आठवणही झाली नाही. भाड्याच्या पडद्यासमोर मूल फोटोपुरतं उभं राहतं, तेही ओरडल्यावर. खोक्यातून बाहेर काढायला मात्र लाच द्यावी लागते.

*

जुन्या लग्नपत्रिका कापल्या की पुठ्ठ्याची तिकिटं तयार. भाच्याचे आजोबा काळा कोट घालून टीसी झाले. विनातिकीट सापडला तर दंड म्हणून एक गाणं. थोड्याच वेळात पोरं तिकिटं मुद्दाम मोज्यात लपवू लागली.

*

हिरवा झेंडा म्हणजे पळा, लाल म्हणजे थांबा. मी पिवळाही घेतला: पुढचा सिग्नल लाल असू शकतो, सावकाश या. इथे सगळा कारभार कोसळला. चार वर्षांच्या माणसाला धावता येतं, थांबताही येतं. सावकाश जाणं जमत नाही.

*

खाण्याची टेबलं म्हणजे स्टेशनं. बोरघाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. तेवढा वेळ गाडी थांबते, आणि त्या थांब्यावर वडा गाजला. म्हणून कर्जतच्या टेबलावर लिंबाएवढे बिनतिखट वडे. लोणावळ्याला चिक्की हवी, पण इतक्या लहान मुलांच्या घशात शेंगदाणे अडकतात. तिथे राजगिऱ्याचे मऊ लाडू ठेवले. द्राक्षंही उभी चिरून. कुणाला काय चालत नाही, हे आयांना आमंत्रणाच्या फोनवरच विचारलेलं बरं.

*

छताला टेकणारे फुगे नकोत. स्वस्तातल्या फुग्यात हेलियमऐवजी हायड्रोजन भरलेला असू शकतो, आणि मेणबत्तीजवळ तो भडकतो. केक कापताना उडवतात तो स्नो स्प्रेही पेट घेतो. साधे फुगे फुटले की रबराचे तुकडे लगेच उचलायचे, नाहीतर ते थेट तोंडात जातात.

*

ऑफिसातून उशिरा येणाऱ्या काकांसाठी केक थांबवू नये. काकांना उरलेला केक चालतो, भुकेलेल्या पोरांना काका चालत नाहीत. आधी औक्षण, मग केक, मग खेळ.

*

माइकवरून "आवाज नाही आला!" म्हणून किंचाळणारा अँकर ठेवला नाही. अशा माणसाला घाबरून उत्सवमूर्ती टेबलाखाली बसलेली मी पाहिली आहे. त्याऐवजी शेजारच्या काकू पाण्याचा रिकामा जग तोंडाशी धरून "पुढील स्टेशन, मुलुंड" म्हणत राहिल्या. दोन्ही बाजूंनी गर्दी झाली.

*

"आमच्या वेळी नव्हती हो असली थीमची थेरं," असं एक आजी म्हणाल्या. त्यांनीच नातवाचं बोरन्हाण केलं होतं: काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि उसाचे करवे, खाली लुटायला टपलेली पोरं. पेहराव, सजावट, खेळ, खाऊ, सगळं एका धाग्यात. फरक एवढाच की तिथे सजावट डोक्यावर ओतायची आणि पोरांनी ती खायची.

*

रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येकाला आपापला डबा. लिफ्टमध्ये मावेनात, म्हणून सगळी गाडी जिन्याने उतरली.

*

पुढच्या वर्षीची थीम जाहीर झाली आहे: घंटागाडी. ओला कचरा, सुका कचरा, मागे लटकणारे दादा, सगळं पाहिजे. घंटागाडीच्या छापील प्लेटा बाजारात मिळणार नाहीत. म्हणजे करायला भरपूर काम आहे, आणि यंदाच्या अनुभवावरून सांगते, तेच पोरांना हवं असतं.