हागारेची विहीर

हिब्रू शास्त्रात देवाला नाव देण्याचा पहिला मान एका पळून निघालेल्या मिसरी दासीकडे जातो. हागार तिचं नाव. मालकिणीला मूल होईना म्हणून तिला मालकाच्या हवाली केलं, दिवस गेल्यावर त्याच मालकिणीने तिचा छळ मांडला आणि ती शूरच्या वाटेने रानात निघाली. उत्पत्तीच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय नीट वाचला की ध्यानात येतं, मालकीण साराय आणि मालक अब्राम (पुढचे सारा आणि अब्राहाम) तिच्याविषयी बोलतात खरे, पण नाव घेत नाहीत. माझी दासी, तुझी दासी, एवढंच. झऱ्यापाशी देवदूत भेटतो आणि तिला पहिल्यांदा कुणीतरी हागार म्हणून हाक मारतं. कुठून आलीस, कुठे चाललीस, असंही विचारतं. तेव्हा ती देवाला ‘एल रोई’ म्हणते. मला पाहणारा देव.

दूताने तिला परत त्याच घरी धाडलं, हे मला बोचतं. भाष्यकारांनी कितीही समजूत घातली तरी बोचतं. पण तिने दिलेलं नाव शास्त्राने पुसलं नाही. त्या पाण्यालाही तेच चिकटलं: बैर-लहाय-रोई.

पुढे सारेला इसहाक झाला. हागारेचा मुलगा हसताना-खेळताना सारेने पाहिला आणि दोघांना घराबाहेर काढायला लावलं. खेळणाऱ्या पोरात तिला फक्त वारशाचा वाटेकरी दिसला. भाकर आणि पाण्याची पखाल घेऊन मायलेकरं बैर-शेबाच्या रानात भटकू लागली. पखाल रिकामी झाली तेव्हा हागारेने पोराला एका झुडपाखाली ठेवलं आणि बाण जाईल इतक्या अंतरावर, समोरच, जाऊन बसली. त्याचं मरण डोळ्यांनी पाहवणार नव्हतं, पण सोडूनही जाववेना. हे अंतर ज्याने लिहून ठेवलं त्याला आईचं मन कळलं होतं. ती रडते, देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. विहीर नव्याने निर्माण झाली असं शास्त्र म्हणत नाही. ती तिथेच होती, असंच मी मानतो.

लगेच पुढच्या अध्यायात अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून बळी द्यायला इसहाकावर सुरी उचलतो, हाक ऐकून थांबतो, नजर वर करतो आणि त्याला झुडपात शिंगं अडकलेला मेंढा दिसतो. यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये परंपरेने एकविसावा अध्याय वाचतात, दुसऱ्या दिवशी बाविसावा. आधी हाकललेल्या दासीचं लेकरू, मग वारस. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आणि इसहाकाचं काय झालं? म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. जुन्या रब्बींनी सांगून ठेवलंय की वेदीवर बांधलेला असताना देवदूतांचे अश्रू त्याच्या डोळ्यांत पडले, त्याने ते पुढे मंदावले. हाच इसहाक बैर-लहाय-रोईपाशी वस्तीला होता, हागारेच्या विहिरीवर. थोरल्या मुलाला म्हणून आशीर्वाद देताना त्याने समोरच्याचे हात चाचपले, कपड्यांचा वास घेतला. आवाज धाकट्या याकोबाचा आहे हे कानाने बरोबर सांगितलं होतं. त्याने हाताचं ऐकलं आणि फसला.

पण डोळस माणसं तरी कुठे चुकत नाहीत! शमुवेल तर द्रष्टा म्हणूनच ओळखला जाई, तरी नवा राजा शोधायला इशायाकडे गेल्यावर थोरल्या मुलाची, अलीयाबाची, उंची पाहून हाच राजा असं त्याला वाटलं. ज्याला खरं तर राजा व्हायचं होतं तो धाकटा दावीद तेव्हा मेंढरांमागे होता आणि त्याला बोलवावं असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

म्हणूनच की काय, ‘शेमा’ ही यहुद्यांची मुख्य प्रार्थना ऐकायला सांगते, आणि ती म्हणताना डोळ्यांवर हात धरण्याची रीत आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. धर्मग्रंथ हाताशी नसलेल्या त्या काळातही हा शेमा त्यांच्या ओठांवर टिकला.

हिब्रू शास्त्रात पुढे इस्राएली लोक मिसरात गुलाम होतात. जळत्या झुडपातून देव मोशेला सांगतो की त्यांचे हाल मी पाहिले आहेत, आणि तेवढ्यावर न थांबता त्यांना सोडवायला निघतो. पण इस्राएलाच्या मूळपुरुषाच्या घरात राबलेली मिसरी दासी देवाने त्याआधीच पाहिली होती. आपल्याच पूर्वजांच्या घरातला अन्याय या लोकांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवला आणि तो दरवर्षी मोठ्याने वाचला. माझ्या लेखी या शास्त्राचा सगळ्यात मोठा गुण हाच.

ज्यांनी ते अजून उघडलेलं नाही त्यांनी हागारेपासून सुरुवात करावी. उत्पत्तीचा सोळावा अध्याय आणि एकविसाव्यातली आठ ते एकवीस वचनं. दोन्ही मिळून फक्त तीस वचनं आहेत.