करवतकाठी झाड

भंडारा, 12 डिसेंबर

ती. आईस,


वरठीला उतरले. स्टेशनवरच्या पाटीवर भंडारा रोड लिहिलेलं असलं तरी भंडारा गाव तिथून ऑटोनं गाठावं लागतं. हीच लाईन पुढे तुमसर, गोंदिया करत राजनांदगावला जाते. 1893 साली रेव्हरंड टिळकांना राजनांदगावच्या वाटेवर गाडीत एका युरोपियन गृहस्थानं नवा करार दिला होता. त्यांच्या पत्नीच्या ‘स्मृतिचित्रे’ची तुझ्याकडून इतकी पारायणं ऐकली आहेत, की खिडकीबाहेर नुसते धानाचे बांध दिसत होते तरी मी उगाच सावरून बसले.

ज्यांच्याकडे उतरले आहे त्या ताई निवृत्त नर्स. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा त्या शाळेत होत्या. घरात नाताळाची गडबड म्हणजे आपल्याकडची दिवाळीच. चकल्यांची भाजणी दळून आली आहे, करंज्यांचं सारण चाललं आहे. यंदा प्लॅस्टिकचं झाड मात्र त्यांना नको. त्याच्या काड्या गळतात, आणि पुढच्या खोलीत ठेवलं की सोफा सरकवावा लागतो. “भिंतीवर टांगता येईल असं झाड शिवून दे जी, चिंध्यांचं,” म्हणाल्या, आणि शिंप्याकडची कातरण भरलेली एक पिशवी माझ्यापुढे ओतली.

वैनगंगेच्या काठी सूचिपर्णी झाड कुठून येणार? खरं तर ते इंग्रजांचंही नव्हे. मूळ चाल जर्मन. व्हिक्टोरिया राणी, अल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र 1848 साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि तिथे घरोघर ते हवंसं झालं. उसनंच आहे, तर भंडाऱ्यानं ते आपल्या कापडात करायला काय हरकत? पण पिशवीत निघालं काय, तर नायलॉन, जॉर्जेट आणि ब्लाउजपीसांचं चमकणारं अस्तर. माझा उत्साह तिथेच निम्मा झाला.

भंडारा, 14 डिसेंबर

ती. आईस,

आज आंधळगावला जाऊन आले. तुमसरच्या रस्त्यानं मोहाडी, आणि तिथून जवळच. धान कापून झालं आहे. त्या ओलीवर टाकलेली लाखोळी बांध्यांतून हिरवी उठली आहे.

इथे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात. या रेशमाचा किडा तुतीवरचा नव्हे, की घरात सुपावर पाळायचा नव्हे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्या रानात तो वाढतो. पाखरं नि मुंग्या त्याच्यावर टपलेल्या, म्हणून ढिवर कुटुंबं राखण करतात. कोसा देठानं फांदीला लटकतो आणि हातात घेतला की सुपारीएवढा कडक लागतो. उकळून मऊ केल्यावर त्यातून सूत निघतं. पूर्वी बायका मांडीवर वळून ते काढत. रंग मधासारखा, न रंगवताच.

त्याच कापडाची करवतकाठी साडी. अंग कोशाचं, काठ सुती. काठ अंगाला मिळतो तिथे करवतीच्या दातांसारखी ओळ असते. ती छापलेली नाही की वर भरलेली नाही, विणतानाच येते. दोन काठांचे दोन धोटे आणि अंगाचा तिसरा. प्रत्येक फेकीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परतवायचा. एक दात पुरा व्हायला किती फेकी लागतात हे मागावर पाहिल्याशिवाय कळायचं नाही. भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, तरी हात चालवणारे थोडेच उरले आहेत. साडीची किंमत ऐकून नाक मुरडणाऱ्यांना तासभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवावं, असं माझं मत झालं.

परत आल्यावर ताईंनी ट्रंकेतून त्यांच्या सासूबाईंची जुनी करवतकाठी काढली. अंग घडीघडीवर विरलेलं, काठ शाबूत. मी तो आडवा धरला. दात वर, एकाशेजारी एक. झाडाची कडा आयती विणून ठेवलेली! नवी साडी मी कुणाच्या सांगण्यावरूनही कापली नसती. ही मात्र जागोजागी बोट आरपार जाण्याइतकी विरली होती.

भंडारा, 19 डिसेंबर

ती. आईस,

झाड झालं. कसं केलं ते लिहिते, म्हणजे तू माघारी नावं ठेवशील ती नेमकी ठेवशील.

वर्तमानपत्राचे तीन त्रिकोण कापले. सर्वांत मोठा खाली, मग मधला, मग लहान. त्या मापाची जुनी मलमल घेतली आणि पट्ट्या तिच्यावरच शिवत गेले. पट्टी उलटी ठेवायची, काठाशी पाव इंचावर शिलाई मारायची, पालटायची, नखानं दाबायची, पुढची. हिरवा सुती, तपकिरी कोसा, लुगड्याचा जांभळा, पुन्हा कोसा. प्रत्येक त्रिकोणाच्या तळाशी करवतकाठ, दात खाली करून. मलमल नसती तर काही खरं नव्हतं. त्रिकोणाच्या दोन्ही तिरप्या बाजू उरेब येतात आणि ओढल्या की लाटा पडतात. त्यात कोसा सुटतो, सुती धरून राहतं. एकाच झाडात दोन स्वभाव.

आत कापूस घातला नाही. ताईंच्या दोन जुन्या साड्यांच्या घड्या घातल्या, कच्चे टाके टाकले आणि गोधडीसारखा धावदोरा घातला, झाडाच्या कडेनं आतून बाहेर. शेजारच्या काकू बघायला आल्या नि बसल्या, त्यांनी निम्मा घातला. त्यांचा टाका तुझ्याइतका बारीक आहे, पण रेघ वाकडी जाते.

शेंड्याला चांदणी हवी होती. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, कोपऱ्यांना घडीच्या त्रिकोणांची ‘फुलं’ लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. त्यांच्यात पुष्कळजणी ख्रिस्ती आहेत. तशाच घड्या घालून पाच पाकळ्या बसवल्या. ताईंना म्हटलं, सूचिपर्णी कशाला, कापड ऐनाच्या पाल्यावरचं आहे, तर ऐनाचंच झाड म्हणा. तर म्हणतात, “ऐन म्हण नाही तर काही म्हण, चांदणी वरच पाहिजे.”

भंडारा पितळेचं गाव, म्हणून दागिन्यांसाठी बाजारातून पितळी घुंगरं आणली. सगळी लावली तर कापड खाली ओढलं जाईल, म्हणून मोजकीच करवतीच्या दातांना टाचली. मागे नेफा शिवून त्यात बांबूची काठी घातली आहे. खिळा कुठे ठोकायचा यावर घरात अजून एकमत नाही.

चिन्नोर तांदूळ घेऊन येते. कपाटातल्या विरलेल्या हिरव्या इरकलीचं मी येईपर्यंत पायपुसणं करू नकोस. तिच्या काठाला दात नाहीत, पण पट्ट्यांना चालेल.

तुझी,
धाकटी