लिपीला कुलूप

यंत्रांविषयी आमचे मत प्रथमपासून अनुकूल आहे, हे आधीच सांगून टाकतो; नाही तर पुढील हकीकत एखाद्या जुन्या वळणाच्या मास्तरांचे गाऱ्हाणे समजून वाचक पान उलटतील. आम्ही जेथे इंग्रजी शिकवितो, त्या महाविद्यालयाने अंतर्गत परीक्षा संगणकावर घेण्याचे योजिले, तेव्हा समितीत सर्वांत आधी मान हलविली ती आम्ही. यंत्रांची चाचणीही आम्हीच घेतली. ती इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेवर घेतली आणि 'सर्व ठीक' म्हणून खाली सही ठोकली.

या परीक्षेची रीत अशी, की ती सुरू होताच पडद्यास जणू कुलूप लागते. प्रश्नपत्रिकेवाचून दुसरे काही उघडत नाही. बाहेर नेणाऱ्या कळांचे जोड निकामी होतात. कॉपीला आळा घालण्यास हे योग्यच. पण मराठीच्या पेपराला दहा मिनिटे झाली नाहीत तोच हात वर होऊ लागले. "सर, मराठी उमटत नाही!" भाषा बदलण्याची कळ आणि पडद्याबाहेर पडण्याची कळ, या दोहोंवर त्या पहारेकऱ्याने एकच संशय घेतला होता. कुलूप काढावे तर परीक्षा रद्द होणार. पर्यवेक्षक आम्हीच होतो. आम्ही म्हणालो, "जे उमटते त्यात लिहा."

बहुतेकांनी चार ओळी लिहून हात टेकले. आमच्याच वरणगावची एक मुलगी मात्र दोन तास लिहीत राहिली. दुसऱ्या दिवशी मराठीच्या प्राध्यापिका तिच्या उत्तराची छापील प्रत आमच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "सर, लिपी तुमची आहे, तुम्हीच वाचा."

रोमन लिपीत चार पाने मराठी! आम्ही ती घरी आणून मोठ्याने वाचू लागलो. 'वडिलांनी यंदा केली लावली' या वाक्याशी आम्ही अडलो. काय केली? मग ध्यानात आले, की ती केळी होती. ज्या केळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जळगाव जिल्ह्यात राहून आम्हांस केळी ओळखू येऊ नयेत! पुढे विहिरीचे 'पानी' आले. आमच्या खानदेशात घरोघर 'पानी'च म्हणतात, आणि त्याचे 'पाणी' करण्यात शाळेची दहा वर्षे खर्ची पडतात. ती दहा वर्षे दोन तासांत पुसली गेली. मुलीला ण ठाऊक होता, ळही ठाऊक होता. नव्हता तो कळफलकाला.

आणि खरे पाहता कळफलकालाही तो ठाऊक होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी प्रमाण केली. तीत स्वर डाव्या हाताखाली आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली येतात. ल जेथे उमटतो तेथेच शिफ्टची कळ दाबली की ळ उमटतो. तिला महाजाल लागत नाही, आणि ती शब्द सुचवीत नसल्यामुळे परीक्षकास धाक बाळगण्याचे कारण नाही. आमच्या यंत्रांत ही मांडणी होतीच, फक्त तिच्याकडे जाण्याचा दरवाजा आम्ही बंद केला होता. हा प्रश्न एकट्या मराठीचाही नव्हे. जपानी विद्यार्थी कळांनी आधी ध्वनी टाकतो आणि मग योग्य कांजी निवडतो. निवडीची ती खिडकी संशयित ठरवून मिटली, तर त्याची लिपीच मिटली.

तेव्हा उपाय कठीण नाही. परीक्षेच्या पानावरच भाषा निवडण्याची सोय असावी. पडद्यावर देवनागरी कळफलक असावा. मुले एरवी भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांतून मराठी लिहितात, म्हणून इन्स्क्रिप्टचा सराव त्यांना काही आठवडे आधी मिळावा. आणि ज्या भाषेत परीक्षा त्याच भाषेत चाचणी व्हावी. यांतील शेवटची गोष्ट तर फुकट होती!

समितीने मराठीची परीक्षा कागदावर पुन्हा घेण्याचे ठरविले. मुलीला बोलावून तसे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "पण सर, मी तर लिहिलंय. तुम्हीच म्हणालात ना, उमटतं त्यात लिहा म्हणून?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. अखेर तिला शेजारी बसवून, अडेल तेथे विचारीत, आम्ही तिची चार पाने देवनागरीत उतरविली आणि प्राध्यापिकाबाईंनी ती तपासली. लेख चांगला होता.

लिहिता लिहिता बहिणाबाईंची आठवण झाली. असोद्याच्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. तिची गाणी सोपानदेवांनी आणि एका आप्ताने उतरून घेतली, म्हणून १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर, ती ग्रंथरूपाने आपल्या हाती आली. आमच्या जळगावच्या विद्यापीठास २०१८ पासून तिचेच नाव आहे. त्या लेखनिकांशी क्षणभर आपली तुलना करून आम्ही मनात सुखावलो, हे कबूल करतो. पण ते सुख टिकले नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते, म्हणून दुसऱ्याने लिहिले. या मुलीला लिहिता येत होते. आमच्या एका सहीने तिला दोन तास निरक्षर केले होते.

पुढच्या परीक्षेच्या चाचणीचा कागद परवाच आमच्यापुढे आला. आम्ही आधी यंत्रापाशी बसलो, पडद्यास कुलूप लावले आणि 'केळी' हा शब्द उमटवून पाहिला. मग सही केली.