महादेवपुऱ्यात लेहची चौकशी

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. आपल्याला ती उंची वाटते; वैद्यकाच्या लेखी मात्र ती २५०० मीटरनंतर सुरू होते. व्हाइटफील्डची मेट्रो येथून २०२३ सालापासून धावते. तिच्या स्थानकाचा जिना उतरताना माझ्या कंबरेपासून घोट्यापर्यंत कळ गेली. वैद्य जिला गृध्रसी म्हणतात, तीच ही सायटिका.

येथे माझे मामा राहतात. सैन्याच्या वैद्यकीय पथकात असताना त्यांनी लेहला दोन हिवाळे काढले. पुढील महिन्यात मलाही तिकडे जायचे होते. “तिथे कळ उठली, तर बधिरतेची सुई टोचून घेता येईल ना?” मी विचारले.

“येईल,” मामा म्हणाले. “साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच. नायट्रस ऑक्साइडसारखा भुलीचा वायू तेथे फिका पडतो. लिग्नोकेनला हवेच्या दाबाशी कर्तव्य नाही. पॅरिसमध्ये सिकार यांनी १९०१ सालीच माकडहाडाजवळून कोकेन टोचून ही कळ शमवली होती. पण अरे, पाय काही तास लुळा पडतो, आणि खाली बर्फ! औषध चुकून रक्तवाहिनीत गेले, तर झटके येतात. तेव्हा प्राणवायू लागतो, आणि तेथे तोच विरळ. बहुतेकांची कळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते.”

मी तिकीट त्यांच्यापुढे ठेवले. तारीख पाहून ते म्हणाले, “आधी उद्या आमच्या तळ्यापर्यंत चालून दाखव.”