दाद

'दाद' हा मोठा चलाख शब्द आहे. मूळचा फारसी, अर्थ न्याय. खानदेशावर आधी फारुकी सुलतानांनी आणि 1601 पासून मोगलांनी राज्य केले, तेव्हा फारसी आम्हांला परकी नाही. पण मराठीत येऊन या शब्दाने धंदे वाढवले. जळगावच्या मैफलीत तान रंगली, की आपण दाद देतो. रावेरच्या केळीवर करपा पडला, की तो फवारणीला दाद देत नाही. आणि धुळ्याला कलेक्टर कचेरीत माणूस अर्ज घेऊन दाद मागतो.

मागायची दाद आणि द्यायची दाद यांची गल्लत झाली, की पंचाईत. भर मे महिन्यात, पारा 45 वर असताना, बंद पडलेल्या कूलरची लेखी तक्रार मी दुकानदाराच्या हातात ठेवली. त्याने ती सावकाश वाचली, मान डोलावली आणि म्हणाला, "वा भाऊ! अक्षर काय झकास आहे!"

म्हणजे दाद मिळाली. फक्त मागितली ती नव्हे.

अशा गिऱ्हाइकांसाठी 1986 च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत 'ग्राहक तक्रार निवारण मंच' काढले. 2019 च्या कायद्याने मंचाचा आयोग झाला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. निकाल शक्यतो तीन महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. तारखा मात्र त्याला दाद देत नाहीत.

तरीही जावे. गवयाने दाद मागितली, तर हसे होते. गिऱ्हाइकाने मागितली नाही, तर ती कोणी आपणहून देत नाही.