खिंडीतला डाव

दिवाळीच्या सुट्टीत खर्डीच्या घरी, ओट्यावर, मुलांना उंबरखिंडीची लढाई खेळायला शिकवली. किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे हीच फौज. दोन्हीकडे मातीचे उंचवटे, मधे चिंचोळी वाट. नियम मोजकेच: फासा टाकायचा, वितीनं अंतर मोजायचं, खिंडीत शिरल्यावर एकामागे एकच चालायचं. एच. जी. वेल्सनं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले. आपल्याकडे दिवाळीत फौज मांडतात, पण ती जागची हलत नाही, याचं मला लहानपणापासून वाईट वाटायचं.

सगळ्यांनाच मावळे हवे होते. एका मुलीनं मुकाट्यानं मुघल सरदार कारतलबखानाची बाजू घेतली. पुढची वाट बंद, मागचीही बंद. हातातल्या शिपायाचा ओला रंग तिच्या अंगठ्याला लागला होता. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काका, शरण गेलं तर चालतं?”

फेब्रुवारी १६६१ मध्ये आपल्याच फौजेतल्या रायबाघनच्या सल्ल्यावरून कारतलबखानानं नेमकं तेच केलं होतं. खंडणी भरून माणसं वाचवली. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

मुलगे हिरमुसले, त्यांना लढायचं होतं. मला मात्र आत कुठेतरी हायसं वाटलं. का, ते अजून नीट उमगत नाही. पुढच्या सुट्टीत माहुलीचा किल्ला मांडायचा विचार आहे. पण त्याचे सुळके ओट्यावर उभे कसे करायचे?